हशा मिळाला, चर्चा मेली

परिषदेत पहिल्यांदा डिस्कसंट, म्हणजे दुसऱ्याच्या पेपरवर बोलणारा, झालो तेव्हा पेपर दोन आठवडे आधी हातात होता. बचत गटाच्या कर्जामुळे बायकांचं उत्पन्न वाढतं, असा निष्कर्ष. लेखिकेला 20 मिनिटं, मला 10. माझ्या वहीत पेपरमधल्या 11 चुका. गाइड म्हणाले होते, "सोडू नकोस." (चर्चेला आखाडा समजणाऱ्या गाइडांचं काय करावं, मला अजून कळलेलं नाही.)

6 मिनिटं मी पेपरच पुन्हा सांगितला. लोकांनी तो आत्ताच ऐकला होता! मग एका तक्त्यातली बेरीज, संदर्भांची स्पेलिंगं, आणि शेवटी, "कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असं मॅडमचं म्हणणं दिसतं." सभागृह हसलं. पुण्यात खवचटपणाला दाद हमखास. सोलापूरहून आलेली लेखिका "सूचना लक्षात घेईन" म्हणून बसली. पुढे एकही प्रश्न आला नाही.

आता नीट ऐका, मुद्दा खोटा नव्हता. गटात येणारी बाई मुळातच धडपडी असेल, तर वाढलेलं उत्पन्न कर्जाचं की धडपडीचं? सिलेक्शन बायस. यावर तासभर बोलता आलं असतं. पण मी तो निकाल म्हणून सुनावला, आणि निकालावर कोण बोलणार? त्याऐवजी विचारायचं होतं, "गटात न आलेल्या बायकांची माहिती घेतली होती का?" जेवणाच्या रांगेत तिनं सांगितलं: 60 घरांची घेतली होती, पानमर्यादेत बसेना म्हणून गाळली.

तेव्हा एकच मोठा मुद्दा घ्या, प्रश्न म्हणून. बारीक चुका लेखकाला आधी मेल करा. सारांश दोन वाक्यांचा, लेखकानं मान डोलवावी असा. शास्त्रार्थातला पूर्वपक्ष, म्हणजे उत्तराआधी समोरच्याची बाजू मांडणं, तो हाच. मला हे शिकायला भर सभेत माती खावी लागली. एआयकडून सारांश घेणाऱ्यांनी डिस्कसंट होऊच नये. घोळ तक्त्यांत असतो, ते स्वतः वाचा.

सत्राचं अध्यक्षपद आलं तर पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याला द्या. एखादे ज्येष्ठ सर "प्रश्न नाही, निरीक्षण आहे" म्हणत उठले की वेळ संपली समजा. तीन प्रश्न एकत्र घ्या, म्हणजे लेखकाला सोप्यापासून सुरुवात करता येते.

घाबरायचं काही नाही, जमतं. माझे हात अजून थरथरतात. कागद पोडियमवर ठेवूनच वाचतो, कुणाला दिसत नाही.