खोकल्यासोबत जुलाब : डबी कधी आणायची, कशी भरायची

ताप-खोकल्यात पोट बिघडलं की लॅबच्या खिडकीशी हमखास कुणीतरी म्हणतं, "ताई, शीचीपण कोविड टेस्ट करून टाका." मी आधी विचारते, जुलाब गोळ्यांच्या आधी सुरू झाले की नंतर? अझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकनेही पोट सुटतं, आणि तो कोर्स बऱ्याचदा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून चालू असतो. म्हणून तारखा आणि गोळ्यांची नावं कागदावर लिहून आणा.

विषाणू पोटात जातो, हे खरं. कोविडचा विषाणू पेशीत शिरताना पेशीवरच्या ज्या एसीई-२ रिसेप्टरला (विषाणू चिकटतो त्या जागेला) धरतो, तो लहान आतड्यात भरपूर असतो. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या रुग्णाच्या शौचातही विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) सापडला होता. पण घसा निगेटिव्ह झाल्यावरही तो शौचात कधीकधी काही आठवडे दिसत राहतो. आरएनए दिसला म्हणजे जिवंत विषाणू आहे असं नाही. त्यामुळे निदानाला नाका-घशाचा स्वॅबच लागतो. फ्लूलाही तेच, आणि फ्लूत उलट्या-जुलाब लहान मुलांना जास्त होतात.

मग शौचाची तपासणी कशाला? रक्त किंवा आव पडत असेल, जुलाब लांबले असतील, तर दुसरं काही आहे का ते बघायला. त्यात पू पेशी, रक्तपेशी, अमीबा, जंतांची अंडी दिसतात.

डबी रुंद तोंडाची, कोरडी हवी. काडेपेटीतून आणणारे आजोबा अजून भेटतात, तसं नको. आधी लघवी करून घ्या. भांड्यातल्या पाण्यात पडलेलं चालत नाही, म्हणून स्वच्छ कोरड्या प्लास्टिकवर घ्या. बाळाच्या डायपरमध्ये आतून प्लास्टिक लावा, नाहीतर पातळ भाग सगळा शोषला जातो आणि आमच्या हाती काहीच येत नाही. चमचाभर पुरे, पण रक्त किंवा आव असलेला भागच उचला. पातळ शौच असेल तर शक्यतो अर्ध्या तासात लॅबला पोचवा. वळवळणारा अमीबा फ्रिजमध्ये मरतो. झाकण घट्ट, वर नाव आणि वेळ, हात साबणाने धुतलेले.

रिपोर्ट येईपर्यंत एक लिटरचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा, अर्ध्या ग्लासात नाही. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं किंवा श्वास लागला, तर डबीच्या भानगडीत न पडता सरळ दवाखाना गाठा.