खुर्चीत बसून भाजी लावायची असेल तर

गुडघे दुखायला लागल्यापासून आईला खाली बसून कुंडीतलं तण काढणं जमेना. मग कुंड्याच वर चढवल्या.

१. जुनं लोखंडी टेबल घ्या, साधारण अडीच फूट उंच. खालचा आडवा दांडा काढलेला हवा, नाहीतर खुर्चीवर बसल्यावर पाय आत जात नाहीत.

२. त्यावर भाजीवाल्याकडचे प्लॅस्टिकचे क्रेट ठेवा. आत शेडनेट (रोपांवर सावलीसाठी ताणतात ती जाळी) किंवा जुनं पोतं अंथरा. मेथी, पालक, कोथिंबिरीला ८-९ इंच खोली पुरते.

३. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं कंपोस्ट भरा. नुसती माती फार जड होते.

क्रेटची एकच रांग लावा. दुसरी रांग लावली की हात पोचत नाही आणि नेमकी तिथलीच भाजी जून होते (आमची झाली). मेथी उपटू नका, कात्रीने कापा. बसल्या जागी ओढताना कंबरेला हिसका बसतो. पाण्यासाठी झारीऐवजी एक लिटरची बाटली, झाकणाला भोकं पाडून. म्हाताऱ्या मनगटाला तेवढीच झेपते.

गच्चीवर किंवा गॅलरीत टेबल भिंतीलगत, शक्यतो खाली तुळई (स्लॅबला आधार देणारा बीम) असेल तिथे ठेवा. पाणी पिऊन क्रेट बरेच जड होतात. आणि टेबल डगमगत नाही ना, ते रोज बघा, कारण उठताना माणूस त्याचाच आधार घेतो.