एक्स्ट्रा म्हणून बसताय? मग निदान या चुका टाळा

गेल्या रविवारी फुटबॉलच्या मॅचमध्ये सत्तराव्या मिनिटाला आमचे प्रशिक्षक अण्णा यांनी आमच्या नव्या पोराला हाक मारली, तेव्हा त्याचा एक बूट पायात होता आणि दुसरा उशाला. तो उठेपर्यंत, लेस बांधेपर्यंत, शिनगार्ड कुणाच्या पिशवीत आहेत हे शोधेपर्यंत थ्रो-इन झाला आणि खेळ सुरू झाला. बदली खेळ थांबल्यावरच होते. पुढचं थांबणं आलं सहा मिनिटांनी, आणि ते आमच्यावर गोल झाला म्हणून.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या कॅनकडे बघितलं. हल्ली तो कॅन आणि बर्फाची पिशवी ही माझी खाती आहेत. त्याआधी अकरा सीझन मी एक्स्ट्रा, म्हणजे बदली खेळाडू, होतो, त्यामुळे वर सांगितलेला प्रकार मी स्वतः करून झालेला आहे, त्याहून भारी प्रकारही.

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की लोकांना शाहू स्टेडियम, खच्चून भरलेली गॅलरी, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस, खंडोबा अशी नावं आठवतात. आमचं मंडळ त्या यादीत नाही. आम्ही खालच्या गटातले. आमच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे दोन्हीकडची घरची माणसं, रिटायर झालेले चार काका आणि सावली शोधत आलेलं एक कुत्रं. वर्ल्डकपला आमच्या चौकातही मेस्सी-नेमारचे कटआउट लागतात, पण एक्स्ट्राचा कटआउट मी आजवर कुठल्याच पेठेत बघितलेला नाही.

पोरं दरवर्षी नवी येतात, चुका त्याच असतात. सांगून सांगून दमलो, म्हणून लिहून ठेवतोय.

"आज आपला नंबर लागत नाही" असं धरून जेवणं

ही चुकांची राणी. बाकीच्या सगळ्या हिच्या पोटातून निघतात.

एप्रिलमधला रविवार, चार वाजताची मॅच. त्याच दिवशी कागलला आत्याच्या नातवाचं जावळ. माझा हिशोब साधा होता. मी राइट बॅकचा एक्स्ट्रा, आणि आमचा राइट बॅक तीन सीझनमध्ये एकदाही लंगडलेला नव्हता. त्याला ताप आला तरी तो गोळी खाऊन खेळायचा. म्हणजे मी बसणार. बसायचंच आहे तर पोटभर बसू.

आत्यानं पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मला मोजू दिल्या नाहीत. तांबडा तर तिनं न विचारता ओतला. वर सुकं मटण, वर "एवढंसंच राहिलंय, टाकायचं का आता?" हा प्रश्न, ज्याला आमच्या घराण्यात अजून कुणी हो म्हटलेलं नाही. अडीच वाजता मोटरसायकलवर बसलो तेव्हा पँटचं बटण उघडं होतं.

चौथ्या मिनिटाला राइट बॅकच्या मांडीची शीर ओढली गेली.

समोरचा विंगर एकोणीस वर्षांचा, सडपातळ, बहुधा सकाळपासून उपाशी. पहिल्यांदा तो माझ्या बाजूनं गेला तेव्हा मला वाटलं, नशीब असतं एकेकाचं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मी वळलो, पण पोट मागून वळलं. तिसऱ्या धावेनंतर तांबडा कुठं आहे आणि पांढरा कुठं आहे, हे मला वेगवेगळं कळायला लागलं होतं. आणि माझा मावसभाऊ, जो जावळाला माझ्या शेजारीच बसून जेवला होता, तो कडेला उभा राहून सगळ्यांना मेनू सांगत होता. मग काय, बॉल माझ्याकडे आला की चारही काका एका सुरात: "सांभाळून रं, रस्सा सांडंल!"

हाफटाइमला मी अण्णांना म्हटलं, "मला काढा." अण्णा म्हणाले, "तुझ्या जागी कुणाला घालू? मला?" दुसरा एक्स्ट्रा बर्फ आणायला सोड्याच्या गाडीवर गेला होता आणि तिथंच रमला होता. शीर ओढलेला पुन्हा आत येऊ शकत नव्हता. गल्लीतल्या सेव्हन-अ-साइडमध्ये आत-बाहेर करत बसता येतं, अकराच्या मॅचमध्ये बाहेर गेलेला त्या दिवसापुरता गेला. चार-शून्य हरलो. त्यातले तीन माझ्या बाजूनं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. चारची मॅच असेल तर साडेअकराला भाकरी, डाळ, जमलं तर भात. तिखट नाही, तेलकट नाही. त्यानंतर एखादं केळं, मूठभर गूळ-शेंगदाणे. मॅच संपेपर्यंत पाणी किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू. आहारतज्ज्ञ याहून चांगलं सांगतील, मी फक्त काय अंगावर उलटलं नाही ते सांगतोय. आणि जावळ, वास्तुशांत, साखरपुडा काहीही असो, डबा बांधून घ्या. रस्सा रात्री जास्त मुरतो.

हल्लीची पोरं यावर तोड म्हणून एनर्जी ड्रिंकचे कॅन आणतात. ते पिऊन बाकड्यावर बसणं म्हणजे रिक्षा न्यूट्रलला टाकून रेज करत राहणं. आवाज भरपूर, गाव जागेवरच.

किरकोळ, पण दर आठवड्याला होणाऱ्या

शिनगार्ड सक्तीचे आहेत, आणि मोज्याच्या आत. मॅच सुरू व्हायच्या आधी बांधा. "नाव पुकारल्यावर बांधतो" हे वाक्य ज्यानं ज्यानं म्हटलं तो अजून बांधतोच आहे.

कडं, अंगठी, कानातली बाळी घरी. टेप गुंडाळून चालत नाही, नियमात तसं स्पष्ट आहे. सासूनं दिलेली अंगठी बोटातून निघत नाही म्हणून साबण शोधत फिरलेला माणूस मी बघितलाय. तोपर्यंत मॅच संपली.

मोजे घसरू नयेत म्हणून पट्टी लावायची तर मोज्याच्याच रंगाची. आतली बनियन बाहेर डोकावत असेल तर ती बाहीच्या रंगाची.

नाव पंचांकडच्या यादीत आहे का, ते स्वतः डोळ्यांनी बघा. यादीत नाही तो एक्स्ट्रा नाही, तो प्रेक्षक.

बाकड्यावर बसून पंचांना शिव्या देऊ नका. बसलेल्यालाही पिवळं मिळतं आणि लालही मिळतं. न खेळता बाहेर काढलं जाण्यात कसली मर्दुमकी?

थंड स्प्रे उघड्या जखमेवर मारायचा नसतो. वाऱ्याची दिशा बघून मारायचा असतो. दुसरं वाक्य अनुभवाचं आहे.

बोलावलं नसताना अण्णांच्या डोळ्यांसमोर पन्नास मिनिटं उड्या मारणं बंद करा. त्याला वॉर्मअप नाही, अर्ज करणं म्हणतात. आत जाईस्तोवर पाय संपतात.

आणि आपल्याच माणसाची शीर ओढली जावी म्हणून अंबाबाईला साकडं घालू नका. सगळेच घालतात, मला माहीत आहे. मीही घातलंय, पण त्या जावळाच्या दिवशी नव्हतं घातलं आणि नेमकं तेव्हाच फळाला आलं.

प्रशिक्षक ओरडले म्हणून आत पळणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. हिच्यामुळे मंडळाच्या इतिहासात माझी नोंद आहे.

शून्य-शून्य. त्र्याऐंशी मिनिटं झालेली. बॉल बाहेर गेला, आमचा थ्रो. अण्णा ओरडले, "जा आत, लेफ्ट हाफ बाहेर!" मी गेलो. सुसाट गेलो. सीझनमधलं पहिलं बोलावणं होतं, विचार कसला करतोय?

लेफ्ट हाफ होता पलीकडच्या टोकाला. त्यानं काहीच ऐकलं नव्हतं. पंचांची पाठ आमच्याकडे. थ्रो घेतला गेला, कुणीतरी उंच मारला, आमच्या फॉरवर्डनं खांद्यानं की कानानं ढकलला आणि बॉल जाळ्यात. आमचा त्या सीझनमधला पहिला गोल! सगळे एकमेकांच्या अंगावर. मीसुद्धा त्या ढिगाऱ्यात. बॉलला माझा पाय लागला नव्हता, पण मिठ्या मी सगळ्यात घट्ट मारत होतो.

तेवढ्यात चार काकांपैकी एक, जन्मभर कुठंतरी हिशोब लिहिलेला माणूस, उभा राहिला: "ए पंच! बारा हाईत की आत! मोज की लगा!"

पंचांनी मोजलं. एसटीचा कंडक्टर मागच्या दारापासून डोकी मोजत येतो तसं, बोट नाचवत, ओठ हलवत. बोट माझ्यावर आलं आणि थांबलं.

गोल रद्द. मला पिवळं. आणि गोल झाला तेव्हा मी मध्यवर्तुळाजवळ जिथं होतो तिथून समोरच्यांना फ्री-किक. नंतर मी नियम काढून वाचला तेव्हा जास्त वाईट वाटलं. पुन्हा किक-ऑफ झाल्यावर पंचांच्या लक्षात आलं असतं तर गोल कायम राहिला असता. काकांनी अर्धा मिनिट उशिरा मोजलं असतं तर माझा मुलगा आज वेगळी गोष्ट ऐकत असता. पिवळ्या कार्डानंतर रीतसर बदली म्हणून आत जाता येत होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "बस खाली." त्या दिवसाच्या कागदावर माझं नाव एकाच रकान्यात आहे, कार्डांच्या.

बरोबर रीत काय? खेळ थांबलेला हवा. पंचांना कळलेलं हवं. बाहेर येणारा रेषेच्या बाहेर पडलेला हवा. 2019पासून तो जवळच्या रेषेवरून बाहेर पडतो, त्यामुळे आपल्याकडे येईल म्हणून वाट बघत बसू नका, तो पलीकडूनच उतरून पाणी पीत असेल. मग पंचांचा इशारा, मग मध्यरेषेवरून आत. माझी सवय अशी की मी रेषेबाहेर दोन्ही पाय जोडून उभा राहतो, प्रार्थनेला उभं राहिल्यासारखा, आणि पंचांच्या हाताकडे बघतो. अण्णांच्या तोंडाकडे बघायचं नाही. ते तोंड नव्वद मिनिटं उघडंच असतं.

पाच बदल्यांचा नियम 2022 साली कायम झाला तेव्हा आमच्या बाकड्यावर पेढे वाटले होते. मग कळलं की पाच जण, पण बदली करायची संधी तीनदाच, हाफटाइम सोडून. शिवाय आपल्या स्पर्धेत किती बदल्या ते स्पर्धेच्या नियमांत बघायचं असतं, टीव्हीवर नाही. अर्थात रडण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये 1965पर्यंत बदली खेळाडूच नव्हता. त्या ऑगस्टमध्ये चार्ल्टनचा कीथ पीकॉक पहिल्यांदा बाकड्यावरून उठून आत गेला. वर्ल्डकपला तर ही सोय 1970 साली आली. त्याआधी आमच्यासारख्यांना बसायला बाकडंसुद्धा नव्हतं.

सोल्शायर होण्याची घाई

दर सीझनला एक पोरगा मला 1999 ची चॅम्पियन्स लीगची फायनल सांगतो. बार्सिलोनाचं मैदान, समोर बायर्न, मँचेस्टर युनायटेडचा सोल्शायर एक्याऐंशीव्या मिनिटाला आत, त्र्याण्णवाव्या मिनिटाला गोल. बाबा, मी बघितलीय. पण त्याआधीची ऐंशी मिनिटं तो बसून काय करत होता, हे कुणी विचारत नाही. तो समोरचे डिफेंडर कुठं चुकतात ते बघत बसायचा, त्यानंच सांगितलंय. आमचं पोरगं बसून रील बघतं आणि आत गेल्यावर विचारतं, "दादा, मी कुणाला धरू?" तोवर ज्याला धरायचं तो गोल करून परत निघालेला असतो.

मी बसल्या बसल्या फक्त माझ्या जागेवरचा माणूस बघायचो. समोरचा विंगर कुठल्या पायावर घेतो, थकला की कंबरेवर हात ठेवतो का, आमचा बॅक कुणाला ओरडून सांगतो. बाहेर येणाऱ्याला तीनच शब्द विचारायचे: "कोण, कुठला पाय?" तो चिडून उत्तर देईल, काढलंय म्हणून. तरी विचारायचं. आणि समोरच्यांच्या कॉर्नरला आत जायची वेळ आली तर अण्णांना सांगा, कॉर्नर होऊ दे. कुणी कुणाला धरायचं याची वाटणी झालेली असते, मध्येच घुसलात तर एक जण मोकळा राहतोच.

पहिला बॉल साधा द्या. जवळच्याला, आतल्या पायानं, बस्स. शेवटच्या चार मिनिटांसाठी आत जाऊन बायसिकल किक मारणारा एक आमच्याकडे होता. पाठीवर पडला, श्वास अडकला, आणि त्याला उचलून आणण्यात उरलेली तीन मिनिटं गेली. अनिकेत जाधव इथूनच 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला गेला, त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पहाटे सहाला मैदानावर या म्हटलं की तोंडं वेगळ्या दिशेला फिरतात. चाळीस पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून सहाला येणारे पाच.

उशाला बूट घेणारा त्या पाचांतला आहे, म्हणून एवढं लिहिलं. या रविवारी मी त्याला पावणेचारलाच शिनगार्ड बांधायला लावले. लेस मी स्वतः ओढून बघितली. कडं त्यानं माझ्या खिशात दिलं. सबंध मॅच तो ताठ बसून होता, फोन पिशवीत, डोळे लेफ्ट बॅकवर. अण्णांनी तीन बदल्या केल्या, तिन्ही दुसऱ्यांच्या.

मॅच संपली, लोक गाड्या काढायला लागले, मी कॅन रिकामा करत होतो. हा अजून बाकड्यावरच.

"दादा, शिनगार्ड काढू का आता?"

"शेवटची शिट्टी झाली का?"

"झाली की."

"मग काढ."