ईईजी काढताना या चुका टाळा (आणि मशीनला दोष देणं थांबवा)

आपण ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड, म्हणजे धातूच्या छोट्या चकत्या, लावून घेतलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढतो गडचिरोलीत आणि तो वाचला जातो नागपुरात. वाचणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टना पेशंट दिसत नाही, खोलीतला कूलर दिसत नाही, पोरगं रडत होतं की पेंगत होतं हेही कळत नाही. त्यांच्यापुढे असतात फक्त रेघा आणि तुम्ही बाजूला टाकलेल्या नोंदी. नवीन लागलेली पोरं हे विसरतात, आणि "आर्टिफॅक्ट (मेंदूबाहेरून आलेल्या खोट्या खुणा) फार, पुन्हा करा" असा रिपोर्ट आला की मशीनच्या नावाने बोटं मोडत बसतात. मशीन बहुतेक वेळा निर्दोष असतं.

नॉच लावला, विषय संपला

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच. स्क्रीनवर रेघा जाड, केसाळ दिसल्या की हात सरळ नॉच फिल्टरकडे (विजेच्या लाइनचा 50 हर्ट्झचा गोंगाट गाळणाऱ्या बटणाकडे) जातो. मेंदूचा सिग्नल फार तर शंभरेक मायक्रोव्होल्टचा आणि भिंतीत 230 व्होल्टची लाइन. 50 हर्ट्झचा गोंगाट रेकॉर्डिंगमध्ये शिरतोय म्हणजे इलेक्ट्रोड नीट बसलेला नाही, नाहीतर अर्थिंग गेलेलं आहे. नॉच लावल्याने गोंगाट दिसेनासा होतो, पण त्यामागचं कारण तसंच राहतं.

एका हॉस्पिटलमधला किस्सा सांगते, नाव विचारू नका. मे महिना. भामरागडकडचा दहा-बारा वर्षांचा मुलगा, बाप त्याला एसटीने घेऊन आलेला. टेक्निशियनने नॉच लावला, तरी रेघा जाडच. मग गड्याने हाय फिल्टर (वेगवान लहरी गाळणारा) 70 वरून 15 हर्ट्झवर आणला. रेघा एकदम देखण्या झाल्या! पण मुलगा घाबरून दात आवळून बसला होता. जबड्याच्या स्नायूंची हालचाल 15 च्या फिल्टरमधून गाळली की ती स्नायूंची वाटतच नाही, थेट टोकदार स्पाइकसारखी (मिरगीत दिसणाऱ्या लहरीसारखी) दिसते. रिपोर्ट आला: टेम्पोरल (कानशिलाकडच्या) भागात शंका, रेकॉर्डिंग पुन्हा करा. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात. वर्षाची मीठमिरची ज्यातून निघते ते दिवस बुडवून बाप पुन्हा आला.

दुसऱ्या खेपेला मला बोलावलं होतं. आधी नॉच बंद केला. सगळ्याच चॅनलमध्ये (चॅनल म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या फरकाची एक रेघ) सारखा गोंगाट, म्हणजे एखाद्या इलेक्ट्रोडचा दोष नाही. ग्राउंड, रेफरन्स (सगळ्या चॅनलना सामाईक असलेले दोन इलेक्ट्रोड) नाहीतर खोली. ग्राउंड आणि रेफरन्स दोन्ही घासून, नवी पेस्ट घालून लावले. फरक शून्य. कूलरचा प्लग काढला, अर्धा गोंगाट गेला. उरलेल्या अर्ध्यासाठी इमारतीमागे गेले. अर्थिंगचा खड्डा उन्हाने भेगाळलेला, तारेचा नट इतका सैल की बोटाने फिरत होता. वॉर्डबॉयने चार बादल्या पाणी ओतलं, इलेक्ट्रिशियनने नट आवळला. रेघा नॉचशिवाय स्वच्छ. मुलाला म्हटलं, "जबडा सैल सोड रे राजा, तोंड थोडं उघडं ठेव." ते स्पाइक कुठल्या कुठे गेले.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. सगळे चॅनल खराब असतील तर ग्राउंड, रेफरन्स, खोली. शेजारशेजारच्या दोनच चॅनलमध्ये उलटसुलट, आरशात पाहिल्यासारखं काही दिसत असेल आणि आजूबाजूला त्याचा मागमूस नसेल, तर त्या दोघांमधला सामाईक इलेक्ट्रोड उचलून पुन्हा लावा. इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) 5 किलोओहमच्या आत आणा आणि सगळीकडे साधारण सारखा ठेवा. एकीकडे 1 आणि दुसरीकडे 9 असेल तर गोंगाट येणारच.

कूलरशिवाय उन्हाळ्यात भागत नाही, हे मलाही कळतं. मी आधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करून घेते, मग प्लगच काढते. नुसतं बटण बंद करून भागत नाही. तरी घाम येतो आणि रेघा संथ लाटांसारख्या वरखाली व्हायला लागतात. कपाळ कोरड्या कापसाने पुसा. लो फिल्टर (संथ लहरी गाळणारा) 1 वरून 5 हर्ट्झवर नेऊ नका. घामाबरोबर खऱ्या संथ लहरीही जातील, आणि कित्येकदा डॉक्टर त्याच शोधत असतात.

उपाशी पोट, तेलकट डोकं

"सकाळपासून पाणीबी नाही देल्लं जी त्याले." हे वाक्य आईबाप अभिमानाने सांगतात. सोनोग्राफी उपाशी, रक्त उपाशी, मग हेही उपाशीच असणार. त्यांची चूक नाही. पण रक्तातली साखर उतरली की मेंदूच्या लहरीही बदलतात, म्हणून आधी चहा-बिस्किट, मग रेकॉर्डिंग. आणि दवाखान्यात जायचं म्हणून आईने प्रेमाने डोक्याला तेल चोपडून भांग पाडलेला असतो. त्या तेलावर पेस्ट टिकत नाही. काही जण तेलावरच पेस्टचा गोळा थापतात, ते बघवत नाही. आमच्याकडे नळाजवळ शाम्पूच्या पुड्या ठेवलेल्या आहेत, धुवायला लावते.

अपॉइंटमेंटची इंग्रजी चिठ्ठी कोणी वाचत नाही. आदल्या दिवशी फोन करा, नाहीतर आशाताईंकडे निरोप द्या: जेवून या, तेल नको, रात्री उशिरा झोपवा आणि पहाटे लवकर उठवा. आणि फिटची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. तपासणी आहे म्हणून गोळी चुकवलेले पेशंट मी पाहिले आहेत. एकाला तर बसमध्येच झटका आला होता.

श्वासाआधी सिकल विचारा

पुस्तकं बाहेरची, पेशंट आपले. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायचं, हे सगळे पाठ करून येतात. पण त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तपुरवठा घटतो. सिकलसेलच्या (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) पेशंटला यातून पक्षाघात होऊ शकतो. पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो, तरी फॉर्मवर तो रकानाच नसतो. मी रकाना हाताने आखला आहे. "सिकलची तपासणी झाली का? कार्ड आहे का?" एवढंच विचारायचं. पॅटर्न एसएस (आजार) असो की एएस (फक्त वाहक), मी श्वासाचा भाग गाळते आणि का गाळला ते फाइलवर लिहिते. नुकताच पक्षाघात झालेला असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, तरीही तेच. "यादी पूर्ण करायची होती ना मॅडम" म्हणणाऱ्यांना मी एकटं मशीनवर बसू देत नाही.

ज्यांना चालतं त्यांच्याकडून मात्र नीट करून घ्या. वर्गात बसल्या बसल्या हरवणाऱ्या पोराची फिट बहुधा याच तीन मिनिटांत पकडली जाते. लहानांना कागदाची भिंगरी फुंकायला द्या. लहरी बदलल्या की लगेच एखादा शब्द सांगा, "मोर", आणि नंतर आठवतो का विचारा. आठवला नाही तर तेही लिहा.

बाकीच्या, पटापट

इलेक्ट्रोडच्या जागा टेपने मोजा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत 36 सेंटीमीटर भरलं तर 10 टक्के म्हणजे 3.6, अंदाजे दोन बोटं नव्हे. एका बाजूचे इलेक्ट्रोड जवळजवळ बसले की तिकडच्या लहरी उगाच बुटक्या दिसतात आणि पेशंटच्या माथी एमआरआयचा खर्च पडतो.

इलेक्ट्रोडच्या नावातले विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे. तरीही तारांची अदलाबदल होते. सुरुवातीला इलेक्ट्रोडवर बोटाने टकटक करून बघा.

सगळं लिहा: डोळे उघडले, गिळलं, खोकला, आई बोलली, लाइट गेली, इन्व्हर्टरवर आलो.

झटका आला तर रेकॉर्डिंग बंद करू नका. कुशीवर वळवा, वेळ लिहा, डॉक्टरांना हाक मारा. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही.

"डोक्शात करंट सोडता का जी?" असं विचारलं तर हसू नका, मशीन फक्त ऐकतं असं सांगा. "काय निघालं?" याचं उत्तर मात्र डॉक्टर देतील. स्वच्छ दिसतंय असं तुम्ही बोलून गेलात तर घरी जाऊन गोळ्या बंद होतात, आणि मिरगी असूनही ईईजी नॉर्मल येणं रोजचंच आहे.

इलेक्ट्रोड त्याच दिवशी धुवा. वाळलेल्या पेस्टवर दुसऱ्या दिवशी नवी पेस्ट लावणाऱ्याच्या स्क्रीनवर दिवसभर इलेक्ट्रोड पॉप (नीट न टेकलेल्या इलेक्ट्रोडमुळे रेघेत अचानक येणारी टोकं) उडत राहतात, आणि मग फोन येतो की मशीन बिघडलं.