परदेशी लाचखोरीचा अमेरिकी कायदा: या चुका टाळा

“ट्रम्पनी तो कायदाच गुंडाळला, आता कसली भीती?” निर्यात करणाऱ्यांकडून हे ऐकलं की धास्ती वाटते. १० फेब्रुवारी २०२५ च्या आदेशानं परदेशी अधिकाऱ्यांना लाच द्यायला बंदी घालणाऱ्या १९७७ च्या त्या कायद्याखालच्या (एफसीपीए) कारवाईला १८० दिवसांचा लगाम घातला, एवढंच. जूनमध्ये नवे निकष आले आणि गाडी पुन्हा सुरू झाली. कायदा रद्द करायचा तर काँग्रेसच, म्हणजे अमेरिकेची संसदच लागते. लाच दिल्याचा खटला पाच वर्षांपर्यंत भरता येतो. तोवर सरकारही बदलू शकतं.

“लाचेचा आणि देशाच्या सुरक्षेचा काय संबंध?” हाही गैरसमजच. अफगाण सैन्याच्या हजेरीपटावर अस्तित्वातच नसलेले जवान होते. पगार अमेरिकेच्या पैशातून निघायचा आणि वरिष्ठांच्या खिशात जायचा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी भ्रष्टाचाराविरुद्धचा लढा हा राष्ट्रीय सुरक्षेचा गाभा असल्याचं ३ जून २०२१ ला जाहीर केलं. ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं.

त्या कायद्यात पकडला जातो तो देणारा. लाच मागणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यासाठी अमेरिकेत वेगळा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये झाला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे “पैसे एजंटनं दिले, आम्हाला काय माहीत!” कॉग्निझंट या अमेरिकी आयटी कंपनीच्या चेन्नईतल्या कॅम्पसच्या परवानगीसाठी सुमारे २० लाख डॉलरची लाच ठेकेदारामार्फत गेली आणि ती वाढीव कामाच्या खोट्या बिलांतून भरून दिली, असा अमेरिकी यंत्रणांचा आरोप होता. २०१९ मध्ये कंपनीनं सुमारे अडीच कोटी डॉलर भरून तडजोड केली. मात्र प्रकरण तिनं स्वतःहून कळवलं होतं, म्हणून कंपनीवर फौजदारी खटला टळला. माझ्यासमोरही एकदा असंच व्हाउचर आलं होतं: “लायझनिंग खर्च” (म्हणजे सरकारी कार्यालयांत पाठपुराव्याचा खर्च), गोल आकडा, सोबत एकही कागद नाही. असं बिल पास करू नका. काम कोणतं, कोणत्या कार्यालयात, पावती कुठे, हे लेखी विचारा. उत्तर टाळलं जात असेल तर तेही लिहून ठेवा, कारण जाणूनबुजून केलेली डोळेझाक त्या कायद्यात माहिती असल्यासारखीच धरली जाते.

आणि “चहापाणी चालतं” म्हणू नका. नेहमीचं काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या किरकोळ रकमेला अमेरिकी कायदा सूट देतो. ब्रिटनचा २०१० चा कायदा देत नाही, आपलाही नाही. २०१८ पासून आपल्याकडे देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवा आणि तक्रारीची तारखेसह पोच घ्या.