‘अवघा रंग एक झाला’चा अर्थ कसा लावायचा

आमच्या भजनी मंडळात नवी बाई आली की मी तिला आधी वही आणायला सांगते. सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ स्वतःच्या अक्षरात उतरवायचा, प्रत्येक चरणाखाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या. मोबाइलमधला फोटो चालत नाही. गायिका किशोरीताई आमोणकरांनी गायलेली याची भैरवी आपल्या कानात इतकी मुरलीये की शब्द समोर येतात आणि सुरासोबत वाहून जातात. हाताने लिहिताना ते थांबतात.

अर्थाची सुरुवात शेवटून करा. आधी नाममुद्रा, म्हणजे रचणाऱ्याने अभंगात घातलेलं आपलं नाव: ‘म्हणे चोखियाची महारी’. सोयराबाई मंगळवेढ्याच्या, चोखामेळ्यांची पत्नी, चौदाव्या शतकातल्या. या घराला विठ्ठलाच्या देवळाचा उंबरा बंद होता. चोखोबा १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी आहे, नामदेव पायरीसमोर, म्हणजे देवळाबाहेरच. ते दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. एवढं मनात ठेवून मग पहिल्या ओळीकडे या.

आमच्याकडे बरीच वर्षं ‘महारी’ हा शेवटचा शब्द सगळ्याजणी दबक्या आवाजात म्हणायच्या. एकदा एका मुलीने विचारलं, “काकू, तिने स्वतः घातलेलं नाव आपण का गिळायचं?” त्या दिवसापासून तो मोकळ्या गळ्याने म्हणतो.

आता पेन्सिल घ्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांना गोल करा. पहिल्याच चरणात रंग, रंगी, रंगला, श्रीरंग. रंगवणारा, रंगणारा आणि रंग वेगळे काढताच येत नाहीत, हे तिने नुसत्या उच्चारातून दाखवलंय. ‘काम’ दोनदा आहे आणि इथे नवखी हमखास फसते: ‘नाही भेदाचे ते काम’ यातलं काम म्हणजे प्रयोजन, ‘पळोनि गेले क्रोध काम’ यातलं म्हणजे वासना. ‘मी तूंपण गेले वाया’ यातल्या ‘वाया’वर मात्र माझा जीव आहे. दूध नासलं की आपण म्हणतो, वाया गेलं. आयुष्यभर जपलेलं मीपण तिने त्याच शब्दात टाकून दिलंय.

चौथ्या चरणाशी घाई करू नका. ‘देही असुनी तू विदेही.’ हा देह समजायचा तर तिचाच दुसरा अभंग शेजारी लिहा:

देहासी विटाळ म्हणती सकळ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध।।
देहीचा विटाळ देहीच जन्मला।
सोवळा तो झाला कवण धर्म।।

ज्या देहाला लोक विटाळ म्हणत होते, त्याच देहात बसून ती ‘विदेही’ म्हणतेय. हे ध्यानात आलं तेव्हा माझ्या हातातले टाळ थांबले होते. आणि मी-तूपण गेलं म्हटल्यावर हा ‘तू’ कोण उरला? कुणी विठ्ठल म्हणतं. मला वाटतं ती स्वतःलाच हाक मारतेय. तुम्ही मोकळ्या ओळीत तुमचं उत्तर लिहा, दोन वर्षांनी पुन्हा बघा.

राहिला ‘पाहणे’. दुसऱ्या चरणात ‘पाहता पंढरीच्या राया’, शेवटी ‘पाहते पाहणे गेले दूरी’. वेदान्तात द्रष्टा आणि दर्शन विरून जातात तो हाच अनुभव, हे खरंच. पण तिला दर्शनाची बंदी होती हेही खरं. दोन्ही अर्थ एकत्र धरा, एकासाठी दुसरा सोडू नका. आणि पाहणारी उरली नाही म्हणताना तिने पुढच्याच श्वासात आपली जात का सांगितली, हा प्रश्न घेऊन अभंग पुन्हा वरून वाचा.

मग गा. शेवटच्या चरणाला टाळ आणि पखवाज थांबवा, फक्त पेटीचा षड्ज धरा, आणि ‘महारी’तली प्रत्येक मात्रा पूर्ण म्हणा.