ज्येष्ठांसाठीच्या आहार प्रश्नावलीची अचूकता कशी तपासावी

आहार प्रश्नावली अचूक आहे का, हे तपासायला बसण्याआधी ती नेमकी कशासाठी वापरायची आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे, कारण तपासणीची पुढची प्रत्येक पायरी त्या वाक्यावर ठरते. एखाद्या गटाचे सरासरी प्रथिन-सेवन काढायचे असेल, तर एकाने जास्त सांगितलेले आणि दुसऱ्याने कमी सांगितलेले परस्पर वळते होते. त्रास होतो तो सर्वांची उत्तरे एकाच दिशेला झुकली तर. कमी खाणारे ते जास्त खाणारे अशी क्रमवारी लावून तिचा आजारपणाशी संबंध पाहायचा असेल, तर सगळ्यांनी सारखेच कमी सांगितले तरी फारसे बिघडत नाही. क्रम मात्र टिकला पाहिजे. समोर बसलेल्या एका व्यक्तीला आहारात बदल सुचवायचा असेल, तर तिचा स्वतःचा आकडा खरा असावा लागतो. या शेवटच्या कसोटीला पदार्थांची वारंवारता विचारणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्या उतरत नाहीत, आणि ते आधीच मान्य केलेले बरे.

कुपोषणाचा धोका ओळखणाऱ्या छोट्या चाचण्या, उदाहरणार्थ १८ प्रश्नांची मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट, हा वेगळा प्रकार आहे. त्यांची तपासणी तज्ज्ञाच्या निदानाशी ताडून, किती धोकाग्रस्त सापडले आणि किती निरोगी उगाच अडकले या हिशेबाने होते. येथे विषय आहे तो प्रत्यक्ष सेवन मोजू पाहणाऱ्या प्रश्नावलीचा.

दुसरीकडे सिद्ध झालेली वैधता उसनी घेता येत नाही. १९८५ साली अमेरिकी आहार-संशोधक वॉल्टर विलेट आणि सहकाऱ्यांनी ६१ पदार्थांच्या वारंवारता प्रश्नावलीची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात अमेरिकेतील १७३ परिचारिकांनी वर्षभरात चार वेळा, प्रत्येकी एक आठवडा, वजन करून आहार-नोंदी ठेवल्या होत्या. या कामाने पुढच्या अनेक तपासण्यांना आराखडा दिला. पण शिकलेल्या, मध्यमवयीन, आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियांना जे जमले, ते ऐंशी वर्षांच्या आणि दुसऱ्याच्या हातचे जेवणाऱ्या माणसाला जमेलच असे त्यातून निघत नाही. ज्या वयोगटात प्रश्नावली वापरायची, त्याच वयोगटात ती तपासावी लागते.

आकड्यांच्या आधी प्रश्नच तपासा

मोठा अभ्यास सुरू करण्यापूर्वी दहा-पंधरा ज्येष्ठांसोबत बसून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचावा आणि उत्तर देताना मनात काय चालले आहे, ते बोलत राहण्याची विनंती करावी. हे काम संथ आहे, पण इतक्या कमी खर्चात इतके दोष दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने सापडत नाहीत. समजा प्रश्न असा आहे: ‘गेल्या वर्षभरात तुम्ही फळे साधारण किती वेळा खाल्लीत?’ उत्तर येते, ‘रोज.’ मग विचारावे, ‘हे कसे ठरवलेत?’ आणि कळते की बाई रोज फळ खात असत, ते चार महिन्यांपूर्वीपर्यंत. दात काढल्यापासून चावत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा रस घेतात, पण आपण ‘रोज फळ खाणाऱ्या’ आहोत ही त्यांची स्वतःविषयीची समजूत तशीच आहे. येथे स्मरणशक्ती दगा देत नाही. दीर्घ काळाची सवय आठवते आणि अलीकडचा बदल तिच्याखाली झाकला जातो. उतारवयात असे बदल वारंवार होतात: जोडीदाराचे निधन, रुग्णालयातून घरी येणे, नवे औषध, भूक मंदावणे, स्वयंपाक दुसऱ्याकडे जाणे. त्यामुळे ‘वर्षभरात’ असा कालावधी विचारण्याआधी ‘गेल्या काही महिन्यांत तुमचे खाणेपिणे बदलले आहे का, आणि कशामुळे?’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा, किंवा कालावधीच तीन महिन्यांवर आणावा.

याच बैठकीत अक्षरांचा आकार, ऐकू येण्यातल्या अडचणी आणि थकवा यांकडेही लक्ष द्यावे. शंभराहून अधिक पदार्थांची यादी भरताना शेवटच्या तिसऱ्या भागात सगळी उत्तरे एकाच रकान्यात पडू लागली, तर ती सवय नसून थकव्याची खूण आहे. शक्य असल्यास यादी दोन बैठकांत विभागावी, किंवा निम्म्या लोकांना ती उलट क्रमाने द्यावी. मग थकव्याचा परिणाम नेमक्या कोणत्या पदार्थांवर पडतो, हेही दिसते. जे स्वतः स्वयंपाक करत नाहीत त्यांना तेल, मीठ आणि साखर यांचे प्रमाण विचारण्यात अर्थ नसतो. ती माहिती स्वयंपाक करणाऱ्याकडून घ्यावी आणि उत्तर कोणाचे आहे, हे प्रत्येक प्रश्नापुढे नोंदवावे.

कोणाला घ्यायचे, किती जणांना

बहुतेक अभ्यासांत बोधनक्षमतेची, म्हणजे स्मरण आणि आकलनाची, छोटी चाचणी घेतली जाते. १९७५ पासून वापरात असलेली, ३० गुणांची मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही त्यांतली सर्वांत परिचित. ठरावीक गुणांखालच्या व्यक्तींना वगळणे समजण्यासारखे आहे. पण येथेच सर्वांत मोठी फसगत होते. ज्यांना आठवत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा लिहिता येत नाही, ते सारे बाजूला काढून उरलेल्या तल्लख आणि उत्साही ज्येष्ठांवर प्रश्नावली तपासायची, आणि नंतर तीच सगळ्या ज्येष्ठांवर वापरायची, हा व्यवहार सर्रास चालतो. वगळायचेच असेल, तर किती जणांना आणि कोणत्या कारणाने वगळले, हे नोंदवावे. शक्य तेथे कमी गुण असलेल्यांचा लहानसा स्वतंत्र गट ठेवून त्यांची उत्तरे आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांची उत्तरे समांतर घ्यावीत.

संख्येबाबत साधारण १०० ते २०० व्यक्ती हा प्रचलित दंडक आहे, आणि त्यामागचे कारण साधे आहे. सहसंबंध गुणांक म्हणजे दोन मापने किती एकसाथ वर-खाली होतात हे सांगणारा आकडा; तो १ असला तर पूर्ण साथ, ० असला तर काहीच नाही. ३० जणांत हा गुणांक ०.५ मिळाला, तर त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा, सुमारे ०.१७ ते ०.७३ इतकी पसरते. म्हणजे प्रश्नावली जवळजवळ निरुपयोगी आहे की उत्तम, हेच सांगता येत नाही. १०० जणांत ती ०.३४ ते ०.६३ पर्यंत आवळते. मधेच आजारी पडणारे आणि सोडून जाणारे या वयात जास्त असतात, म्हणून सुरुवातीची संख्या त्या हिशेबाने वाढवावी.

कशाशी ताडायचे

प्रश्नावली जिच्याशी ताडायची त्या संदर्भ पद्धतीचा पहिला नियम असा की तिच्या चुका प्रश्नावलीच्या चुकांपासून स्वतंत्र असाव्यात. दोन्ही पद्धती एकाच विस्मरणावर अडखळत असतील, तर त्या एकमेकींशी छान जुळतील आणि तरीही दोघीही चूक असतील. चोवीस तासांच्या रिकॉलमध्ये उत्तरदाता कालचे खाणे आठवून सांगतो. म्हणजे तीही स्मरणावरच उभी आहे, फक्त आठवण ताजी असते. पाच टप्प्यांत पुन्हापुन्हा उजळणी करणारी मुलाखत घेतल्यास सुटलेले पदार्थ बरेच हाती लागतात. वजन करून ठेवलेल्या आहार-नोंदीत स्मरणाचा भाग नसतो, म्हणून ती तत्त्वतः अधिक चांगली. पण थरथरता हात, अंधूक दृष्टी आणि छोटा तराजू यांचे जमत नाही, आणि वजन करण्याचा कंटाळा आला की माणूस खाणेच सोपे करून टाकतो. माझ्या मते, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी फोनवरून, न कळवता ठरवलेल्या दिवशी घेतलेले तीन ते चार रिकॉल जास्त व्यवहार्य ठरतात; सामूहिक भोजनगृह असलेल्या निवासांत मात्र वाढण्यापूर्वी आणि जेवणानंतर ताटाचे वजन करणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. दिवस निवडताना सुट्टीचे आणि कामाचे वार, तसेच वेगवेगळे ऋतू, दोन्ही पकडावेत.

किती दिवस पुरतील, हे पोषकद्रव्यावर अवलंबून असते. एकाच व्यक्तीच्या दिवसादिवसांतला फरक आणि व्यक्ती-व्यक्तींमधला फरक यांचे गुणोत्तर १ असेल, तर खऱ्या सवयीशी ०.९ इतका सहसंबंध साधण्यासाठी साधारण चार-पाच दिवस लागतात. ते २ असेल, तर आठ-नऊ. ऊर्जेसारख्या गोष्टी लवकर स्थिरावतात, जीवनसत्त्व अ मात्र एखाद्या दिवशीच्या एका पदार्थाने उसळते आणि त्याला फार जास्त दिवस लागतात.

स्मरणापासून खऱ्या अर्थाने स्वतंत्र असतात ते जैविक निर्देशक, म्हणजे मूत्र, रक्त यांत मोजता येणाऱ्या खुणा. ऊर्जेसाठी ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ (हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड रूपे) असलेले पाणी पाजून साधारण दोन आठवड्यांतला ऊर्जाखर्च मोजतात. माणसांत हे तंत्र १९८२ पासून वापरले जाते. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘ओपन’ अभ्यासात, ४० ते ६९ वयाच्या ४८४ जणांत, वारंवारता प्रश्नावलीत ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने कमी नोंदली गेल्याचे याच पद्धतीने दिसले. रिकॉलमध्ये ही तूट पुरुषांत १२ ते १४ आणि स्त्रियांत १६ ते २० टक्के होती. परंतु खर्च म्हणजेच सेवन, हे समीकरण वजन स्थिर असेल तरच खरे ठरते. ज्येष्ठांमध्ये नकळत वजन उतरणे सामान्य आहे, म्हणून मापनाच्या सुरुवातीला आणि शेवटी वजन घेतल्याशिवाय हा आकडा वापरू नये.

प्रथिनांसाठी चोवीस तासांच्या मूत्रातला नायट्रोजन मोजतात. आहारातल्या नायट्रोजनपैकी सरासरी ८१ टक्के मूत्रातून बाहेर पडतो असे धरून, ९ ग्रॅम नायट्रोजन आढळल्यास ९ ला ०.८१ ने भागून ६.२५ ने गुणले की सुमारे ६९ ग्रॅम प्रथिने येतात. येथेही शरीर स्थिर स्थितीत आहे, स्नायू झिजत नाहीत, हे गृहीत आहे. नमुना पूर्ण आहे का, हे पाहण्यासाठी पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लाच्या गोळ्या देऊन त्याचा किती भाग मूत्रात परत मिळतो ते मोजतात आणि ८५ टक्क्यांहून कमी आल्यास संशय धरतात. पण वाढत्या वयात हे उत्सर्जन मंदावते, त्यामुळे तरुणांसाठीची मर्यादा जशीच्या तशी लावल्यास प्रामाणिकपणे गोळा केलेले नमुनेही बाद होतात. रक्तातल्या निर्देशकांबाबत अधिकच जपून राहावे. जीवनसत्त्व ड ची पातळी उन्हावरही अवलंबून असते, आणि बी-१२ ची पातळी जठराच्या शोषणक्षमतेवर, जी या वयात अनेकांची घटलेली असते. या दोहोंना आहाराच्या प्रश्नावलीचे न्यायाधीश करणे योग्य नाही.

क्रम

प्रश्नावली आधी द्यावी, संदर्भ मापन नंतर करावे, आणि शेवटी तीच प्रश्नावली पुन्हा द्यावी. नोंदी ठेवल्याने माणूस आपल्या खाण्याकडे लक्ष देऊ लागतो, आणि त्यानंतर भरलेली प्रश्नावली अवास्तव चांगली दिसते. दोन वेळांमधले अंतर फार कमी ठेवल्यास आधीची उत्तरे आठवतात, फार जास्त ठेवल्यास आहारच बदलतो. ज्येष्ठांसाठी मला एक ते तीन महिने पुरेसे वाटतात. मधल्या काळात आजारपण किंवा वजनातला बदल झाला का, हे दुसऱ्या भेटीत अवश्य विचारावे, नाहीतर खरा बदल प्रश्नावलीच्या माथी मारला जातो.

आकड्यांचा अर्थ

केवळ सहसंबंध गुणांक देऊन थांबू नये, कारण प्रत्येकाने आपले सेवन बरोबर निम्मे सांगितले तरी तो १ येतो. संदर्भ मापनाचे दिवस थोडे असल्याने तो दबतोही. त्याची भरपाई करता येते. दिवसादिवसांतला फरक आणि व्यक्ती-व्यक्तींमधला फरक यांचे वर सांगितलेले गुणोत्तर २ आणि दिवस ३ असतील, तर मिळालेला ०.४० हा गुणांक २/३ मध्ये १ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे १.२९ ने, गुणून सुमारे ०.५२ होतो. दुरुस्त आणि मूळ, दोन्ही आकडे द्यावेत. एकूण ऊर्जेसाठी समायोजन केलेला (म्हणजे कोण एकंदर किती खातो, याचा प्रभाव काढून टाकलेला) आणि न केलेला गुणांकही वेगवेगळा द्यावा.

क्रमवारी तपासण्यासाठी दोन्ही पद्धतींनी लोकांना चार समान गटांत विभागून किती जण त्याच गटात पडले, हे पाहतात. ‘त्याच किंवा शेजारच्या गटात ७० टक्के’ हे वाक्य अहवालात भारदस्त दिसते. पण निव्वळ योगायोगानेही ६२.५ टक्के लोक तेथे पडतातच. म्हणून योगायोगाचा वाटा वजा करणारा ‘भारित कप्पा’ (weighted kappa) हा जुळणीचा गुणांक द्यावा, आणि अगदी विरुद्ध टोकाच्या गटात किती गेले तेही सांगावे. योगायोगाने तो आकडा १२.५ टक्के येतो.

प्रत्यक्ष आकड्यांची जुळणी पाहण्यासाठी १९८६ साली ब्लँड आणि आल्टमन यांनी सुचवलेला आलेख काढावा: आडव्या अक्षावर दोन मापनांची सरासरी, उभ्या अक्षावर त्यांतला फरक. समजा प्रथिनांत, प्रश्नावलीच्या आकड्यातून संदर्भाचा आकडा वजा केल्यावर, सरासरी फरक उणे ८ ग्रॅम आणि प्रमाण विचलन (फरकांचा सरासरीभोवतीचा पसारा) १५ ग्रॅम आले; मग सहमतीच्या मर्यादा, म्हणजे ज्यांच्या आत सुमारे ९५ टक्के व्यक्तींचे फरक पडतात त्या सीमा, उणे ३७ ते अधिक २१ ग्रॅम होतात. गटाची सरासरी ८ ग्रॅमने दुरुस्त करून वापरता येईल, परंतु एका व्यक्तीच्या आकड्यात इतकी तफावत असेल, तर त्यावरून तिला सल्ला देता येणार नाही. ठिपक्यांचा आकारही नीट पाहावा. सेवन वाढेल तसा ठिपक्यांचा पसारा नरसाळ्यासारखा रुंदावत असेल, तर आकड्यांचे लॉगरिदम घेऊन पुन्हा मांडणी करावी. आणि कमी खाणारे आपले सेवन जास्त व जास्त खाणारे कमी सांगत असतील, तर सर्वांना एकच दुरुस्ती लावू नये.

शेवटी हेच विश्लेषण पंचाहत्तरीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, स्वतः स्वयंपाक करणारे आणि न करणारे, स्वतः उत्तर देणारे आणि इतरांमार्फत देणारे अशा गटांत पुन्हा करावे. कोणते गट पाहायचे, हे माहिती हाती येण्याआधी ठरलेले असावे. प्रत्येक गटातली संख्या कमी असल्याने मर्यादा रुंद येतील. त्या तशाच छापाव्यात. जो गट इतका लहान आहे की काहीच सांगता येत नाही, त्याच्यापुढे आकड्याऐवजी ‘या गटासाठी प्रश्नावली तपासलेली नाही’ असे लिहावे, आणि ते वाक्य प्रश्नावलीच्या वापर-सूचनांतही जसेच्या तसे जावे.